वचन आधी, प्रार्थना नंतर : रोजच्या वैयक्तिक उपासनेची सुरुवात करणाऱ्यांसाठी

ख्रिस्ती विश्वासात नव्याने आलेल्या, किंवा जन्मापासून मंडळीत असूनही रोजची वैयक्तिक उपासना कधी न केलेल्या माणसाला पाळकांकडून दोन सूचना हमखास मिळतात : रोज पवित्र शास्त्र वाचत जा आणि रोज प्रार्थना करत जा. दोन्ही सूचना योग्य आहेत. परंतु त्या वेगवेगळ्या दिल्या जात असल्यामुळे पाळल्याही वेगवेगळ्या जातात. वाचन म्हणजे अध्याय संपवणे आणि प्रार्थना म्हणजे आजारपण, कर्ज, मुलाची नोकरी, मुलीचे लग्न, कापसाचा भाव या मागण्या देवापुढे मांडणे, अशी त्यांची विभागणी होते. मग काही आठवड्यांतच वाचन कंटाळवाणे आणि प्रार्थना तीच ती वाटू लागते. या लेखात सुचवलेली पद्धत एका साध्या क्रमावर उभी आहे. आधी देवाचे वचन ऐकावे आणि त्या वचनाला दिलेले उत्तर म्हणून प्रार्थना करावी. मागण्यांना तीत जागा आहेच, मात्र संभाषणाची सुरुवात त्यांच्यापासून होत नाही. खानदेशातील, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील शेतकरी, मजूर, रेल्वे कर्मचारी, शिक्षक, परिचारिका आणि गृहिणी यांचा दिवस डोळ्यांसमोर ठेवून पुढील पायऱ्या मांडल्या आहेत.

पहिली पायरी : वेळ आणि जागा ठरवणे

पहाटेची वेळ उत्तम, असे सर्वत्र सांगितले जाते आणि त्याला आधारही आहे : मार्क १:३५ (मार्काचे शुभवर्तमान, अध्याय १, वचन ३५) मध्ये प्रभू येशू अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेल्याचे वर्णन आहे. मात्र ज्याच्या शेतातील पंपाला रात्रीच वीज मिळते आणि जो रब्बीच्या हंगामात मध्यरात्री गव्हाला पाणी भरून पहाटे अंथरुणाला पाठ टेकतो, त्याच्यावर पहाटेचा नियम लादणे मला निर्दयपणाचे वाटते. भुसावळला रेल्वेत पाळीने काम करणाऱ्यांची स्थिती याहून निराळी नाही. शास्त्राने एकच एक वेळ बंधनकारक केलेली नाही. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे, स्तोत्र ५५ चा कर्ता संध्याकाळ, सकाळ आणि दुपार या तिन्ही वेळांचा उल्लेख करतो, आणि उत्पत्ती २४:६३ मध्ये इसहाक संध्याकाळच्या सुमारास मनन करण्यासाठी शेतात गेल्याचे एक ओझरते वाक्य आहे, जे शेतात राबणाऱ्यांच्या नजरेस क्वचितच आणून दिले जाते.

घड्याळाला बांधलेल्या वेळेपेक्षा कामाला बांधलेली वेळ अधिक टिकते. म्हशीचे दूध काढून झाल्यावर, मुले शाळेत गेल्यावर, पाळीवरून परतून अंघोळ उरकल्यावर, अशी एखादी वेळ निवडावी, म्हणजे ते काम झाले की वाचनाची आठवण आपोआप होते. कापूस वेचणीच्या दिवसांत ही वेळ बदलावी लागली तर ती ठरवून बदलावी. ती नुसती सुटू देऊ नये. सुरुवातीला १५ मिनिटे पुरेशी आहेत. तासाभराचा संकल्प सोडणाऱ्याला उत्साह असतो तोवर तो पार पडतो, आणि पुढे तो मोडल्याची टोचणी उपासनेपासूनच दूर नेते.

जागेबाबत फार बोलण्याची गरज नाही. एका खोलीच्या घरात सहा माणसे राहत असतील तर एकांत मिळणार नाही, हे उघड आहे. अशा वेळी ओटा, गच्ची, शेतातील निंबाखालची जागा यांपैकी जी मिळेल ती घ्यावी. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा दुपारी पत्र्याच्या घरात बसून मनन होत नाही, म्हणून एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत सकाळ किंवा रात्रच बरी. मोबाईल मात्र दूर ठेवावा, किंवा त्यावरच शास्त्र वाचायचे असेल तर इंटरनेट बंद करून वाचावे.

दुसरी पायरी : हातात कोणते शास्त्र घ्यावे

मराठी वाचकाला याबाबतीत कमतरता नाही. मिशनरी विल्यम कॅरी यांच्या पुढाकाराने बंगालमधील श्रीरामपूर (सेरामपूर) येथे मराठी नवा करार १८११ मध्ये छापला गेला, आणि सामान्य स्त्रियांनाही समजेल अशा सोप्या मराठीत पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले संपूर्ण भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले. आज बहुतेक मंडळ्यांत भारतीय बायबल संस्थेची प्रत वापरली जाते. तिची भाषा जड वाटत असेल तर सोप्या मराठीतील आवृत्ती शेजारी ठेवावी; दोन भाषांतरे पडताळून पाहिली की पुष्कळ अडचणी तेथेच सुटतात. प्रोटेस्टंट प्रतीत ६६ पुस्तके असतात आणि कॅथोलिक प्रतीत ७३. जुन्या करारातील काही पुस्तकांबाबत या दोन परंपरांची भूमिका वेगळी असल्यामुळे हा फरक पडतो. नवख्या वाचकाने त्यामुळे गोंधळून जाऊ नये, कारण नव्या कराराची २७ पुस्तके दोन्हींत तीच आहेत.

ज्यांना वाचता येत नाही किंवा डोळ्यांनी नीट दिसत नाही, त्यांनी आपल्याला हा मार्ग बंद आहे असे समजू नये. प्रेषित पौलाची पत्रे मुळात मंडळीत मोठ्याने वाचून दाखवण्यासाठीच लिहिलेली होती. १ थेस्सलनीकाकरांस ५:२७ मध्ये तो तसे बजावूनच सांगतो. नातवाने वाचावे आणि आजीने ऐकावे, यात आजीचा वाटा कमी ठरत नाही. मोबाईलवर ध्वनिमुद्रित शास्त्रही उपलब्ध आहे आणि सातपुड्याच्या ज्या पाड्यांवर नेटवर्क मिळत नाही, तेथील लोकांनी तालुक्याच्या गावी आल्यावर ते उतरवून घ्यावे. घरात भिली, मावची, पावरी किंवा अहिराणी बोलली जात असेल तर मराठीत ऐकलेला प्रसंग आपल्या बोलीत एकमेकांना पुन्हा सांगावा. सांगणाऱ्याला प्रसंग कितपत कळला आहे, हे त्यातून त्याचे त्यालाच समजते.

तिसरी पायरी : कोठून सुरुवात करावी

पुष्कळजण पहिल्या पानापासून वाचू लागतात. उत्पत्ती कथांमुळे भराभर वाचून होते, निर्गमाचा पूर्वार्धही ओढ लावतो, पण निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापे आणि लेवीयातील बलिदानांचे नियम सुरू झाले की वाचन थांबते व पुस्तक पुन्हा कपाटात जाते. म्हणून सुरुवात मार्काच्या शुभवर्तमानापासून करावी. ते चार शुभवर्तमानांपैकी सर्वांत लहान, १६ अध्यायांचे आहे. त्यात लांब प्रवचने कमी आणि घटना अधिक आहेत.

रोज एक अध्याय वाचण्याचा आग्रह धरू नये. अध्यायांचे आजचे विभाग तेराव्या शतकातील आहेत आणि नव्या करारातील वचनांचे क्रमांक १५५१ च्या एका मुद्रित आवृत्तीपासून रूढ झाले. मूळ लेखकांनी ते घातलेले नाहीत. त्यामुळे वाचनाचे एकक अध्याय नसून प्रसंग असावे : एक आजारी माणूस बरा होतो, एक दाखला सांगितला जातो, एक वाद होतो आणि संपतो. साधारण १० ते १५ वचनांत असा प्रसंग पुरा होतो. त्याच्या जोडीला स्तोत्रसंहितेतील एखादे लहान स्तोत्र घ्यावे. १५० स्तोत्रांपैकी ती निवडणे कसे सोपे आहे, हे प्रार्थनेच्या पायरीत येईल.

चौथी पायरी : वाचलेल्यावर मनन करणे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची असल्यामुळे येथे थोडे रेंगाळणे भाग आहे. बाराव्या शतकात फ्रान्समधील कार्थुसियन मठाचा प्रमुख गीगो दुसरा याने शास्त्रवाचनाच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि शांत चिंतन. मठवासीयांची ही पद्धत संसारी माणसाला पेलणार नाही, असे काहींना वाटते. प्रत्यक्षात तिला वेळेपेक्षा संथपणा अधिक लागतो, आणि ज्वारी निवडताना किंवा बैलगाडीतून जाताना तो संथपणा आपल्याकडे अजून शिल्लक आहे.

उदाहरणासाठी मार्क २:१-१२ घेऊ. हा प्रसंग पहिल्यांदा मनात आणि दुसऱ्यांदा मोठ्याने वाचावा. मोठ्याने वाचताना डोळे जे शब्द ओलांडून जातात ते जीभ ओलांडू देत नाही. नंतर शास्त्र बाजूला ठेवून काय घडले ते क्रमाने आठवावे : येशू कफर्णहूमात एका घरी आहे, दारापर्यंत गर्दी आहे, चौघांनी एका पक्षाघाती माणसाला उचलून आणले आहे, आत शिरता येत नाही म्हणून ते छपरावर चढतात, छप्पर उकरतात आणि त्याची बाज खाली सोडतात.

येथे खानदेशातील वाचकाला एक लाभ आहे, जो मुंबईतील सदनिकेत वाढलेल्याला नाही. त्या काळच्या पॅलेस्टाईनमधील सामान्य घरांवर लाकडी तुळया, त्यांवर काटक्या आणि वर दाबून बसवलेली माती, असे सपाट छप्पर असे. आपल्याकडील जुन्या धाब्याच्या घराला हे वर्णन जवळजवळ जसेच्या तसे लागू पडते. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर माती टाकण्याचे कष्ट ज्याने पाहिले आहेत, त्याला ते छप्पर उकरणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. खालच्या माणसांच्या डोक्यावर माती आणि काटक्या पडल्या असतील, घरधनी वर पाहून ओरडला असेल, शिकवण थांबली असेल. शास्त्रात घरधन्याबद्दल एक शब्दही नाही. पण तो तेथे होता आणि त्या रात्री त्याचे छप्पर उघडे होते. (लूक ५:१९ मध्ये हाच प्रसंग कौलांच्या उल्लेखासह येतो, त्या फरकाने विचलित न होता दोन्ही वर्णने वाचून पाहावीत.)

प्रसंग असा डोळ्यांसमोर उभा राहिला की तीन प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न, येथे देव कसा दिसतो? या प्रसंगात येशू त्या चौघांचा विश्वास पाहतो आणि खाटेवरच्या माणसाला प्रथम पापांची क्षमा देतो; चालण्याची शक्ती नंतर येते. दुसरा प्रश्न, येथे माणसे कशी दिसतात? चौघे झटणारे आहेत, गर्दी वाट न देणारी आहे, शास्त्री मनातल्या मनात दोष काढणारे आहेत, आणि एक जण स्वतः काहीही करू न शकणारा आहे. तिसरा प्रश्न, मी आज यांपैकी कोठे उभा आहे? कधी आपण चौघांपैकी एक असतो, कधी खाटेवर असतो आणि, हे कबूल करणे जड जाते, पुष्कळदा आपण दाराशी उभी राहिलेली गर्दी असतो : रविवारी पुढची जागा धरून बसलेले, पण मागे उभ्या राहिलेल्या नव्या माणसाकडे वळूनही न पाहणारे.

तिन्ही प्रश्नांची उत्तरे रोज मिळतील असे नाही. एकाचे मिळाले तरी पुरे. जे एक वाक्य मनाला अडवते, ते शाळेच्या साध्या वहीत तारखेसह लिहून ठेवावे. या वहीत सुंदर विचार लिहिण्याची गरज नाही. “चौघांची नावेही दिलेली नाहीत” एवढी एक ओळसुद्धा दिवसाचे मनन होऊ शकते.

सुट्या वचनांविषयी एक सावधगिरी

मनन म्हणजे डोळे मिटून कुठलेही पान उघडणे आणि जे वचन बोटाखाली येईल ते आजचा संदेश समजणे नव्हे. मोबाईलवर रोज सकाळी रंगीत चित्रांसह फिरणाऱ्या सुट्या वचनांबाबतही तेच म्हणावे लागेल. यिर्मया २९:११ हे वचन आपल्याकडे कितीतरी घरांच्या भिंतींवर लावलेले दिसते : देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असा त्याचा आशय आहे. ते खरेच आहे. पण हे वचन बाबेलात (बॅबिलोनमध्ये) कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातील आहे. त्याआधीच्या दहाव्या वचनात ही सुटका ७० वर्षांनी होईल असे सांगितले आहे, आणि त्याहीआधी सातव्या वचनात, ज्या परक्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी झटा व प्रार्थना करा, अशी आज्ञा आहे. ऊसतोडीसाठी घरदार सोडून सहा महिने परजिल्ह्यात किंवा गुजरातेत पालावर राहणाऱ्या कुटुंबाने हे पूर्ण पत्र वाचले, तर भिंतीवरच्या एका ओळीपेक्षा पुष्कळ अधिक त्याच्या हाती लागेल. म्हणून एखादे वचन आवडले की त्याच्या मागची आणि पुढची किमान दहा वचने वाचण्याची सवय लावून घ्यावी.

पाचवी पायरी : उत्तर म्हणून प्रार्थना

आता प्रार्थना. ती वाचलेल्या प्रसंगातूनच सुरू करावी. वरील उदाहरणात ती अशी होऊ शकते : “प्रभू, त्या माणसाला चौघांनी तुझ्यापर्यंत आणले. मला तुझ्यापर्यंत आणणाऱ्यांबद्दल मी तुझे उपकार मानतो. गल्लीतील ज्या आजारी माणसाकडे मी महिनाभर गेलेलो नाही, त्याच्याकडे आज मला ने. मी कोणाची वाट अडवली असेल तर मला क्षमा कर.” उपकारस्तुती, विनंती आणि पापकबुली, तिन्ही गोष्टी येथे आल्या, आणि त्या पाठ केलेल्या नव्हत्या.

स्वतःच्या शब्दांत बोलायला संकोच वाटत असेल तर मत्तय ६:९-१३ मधील प्रभूची प्रार्थना हा सर्वांत भक्कम आधार आहे. ती घाईने एका दमात म्हणून न टाकता एकेका विनंतीपाशी थांबावे. तिचा क्रमही शिकवणारा आहे : देवाचे नाव, देवाचे राज्य आणि देवाची इच्छा या तीन विनंत्या आधी येतात, रोजची भाकर चौथी येते, त्यानंतर ऋणांची क्षमा आणि मग परीक्षेपासून व वाइटापासून रक्षण. भाकरीची विनंती गौण नाही. ती देवाच्या इच्छेच्या मागोमाग येते, इतकेच.

शब्द सापडत नाहीत अशा दिवसांसाठी स्तोत्रे आहेत. पेरणी झाली आणि पाऊस वेळेवर आला तर ६५ वे स्तोत्र वाचावे. त्यातील शेवटच्या काही वचनांत नांगरलेल्या तासांना पाणी पाजणाऱ्या देवाची स्तुती आहे. पावसाने ओढ दिली, दुबार पेरणीची वेळ आली, किंवा केळीचा उभा बाग वादळाने आडवा झाला, तर १३ वे स्तोत्र आहे, जे “किती वेळ” असे देवाला वारंवार विचारते आणि तरीही सहा वचनांत विश्वासापर्यंत पोहोचते. ज्या दुःखाला अजून विश्वासापर्यंत पोहोचता येत नाही, त्याच्यासाठी ८८ वे आहे. ते काळोखातच संपते आणि तसेच शास्त्रात ठेवलेले आहे. देवापुढे तक्रार मांडणे म्हणजे अविश्वास, असे आपल्या मंडळ्यांत कधी कधी सुचवले जाते. स्तोत्रसंहितेतील विलापाची स्तोत्रे वाचल्यावर ते मत टिकत नाही. प्रवासाला निघताना १२१ वे, पापाची बोच असेल तेव्हा ५१ वे, रात्री झोपण्यापूर्वी ४ थे आणि मरणाच्या घरी २३ वे : एवढी ओळख झाली तरी सुरुवातीची काही वर्षे पुरते.

प्रार्थनेची भाषा हा खानदेशात खरा प्रश्न आहे. उपासनेत वडीलधारी मंडळी ज्या भारदस्त, संस्कृतप्रचुर मराठीत प्रार्थना करतात, ती ऐकून नवखा माणूस गप्प बसतो, कारण घरी तो अहिराणीत बोलतो आणि त्याला वाटते की देवाशी तसे बोलणे बरे दिसणार नाही. “देवबापा, माले बळ दे” ही पूर्ण प्रार्थना आहे. मत्तय ६:७ मध्ये प्रभूने व्यर्थ बडबडीविरुद्ध सावध केले आहे, बोलीभाषेविरुद्ध नाही.

इतरांसाठी करावयाच्या प्रार्थनेला वहीचे शेवटचे पान राखून ठेवावे आणि त्यावर नावे लिहावीत. यादी लांबली की ती वारांत वाटून घ्यावी. शेवटी दोन मिनिटे काहीही न बोलता बसावे. या शांततेत काही ऐकू आलेच पाहिजे, अशी अपेक्षा धरू नये.

सहावी पायरी : वचन दिवसात घेऊन जाणे

वहीत लिहिलेली ती एक ओळ दिवसभरात दोन-तीनदा आठवावी : विहिरीवर, एसटीची वाट पाहताना, भाकरी थापताना. यहोशवा १:८ मध्ये रात्रंदिवस मनन करण्याची जी आज्ञा आहे, ती एका सेनानायकाला दिलेली आहे. त्याला नदी ओलांडायची होती, लोकांना पुढे न्यायचे होते आणि जमीन वाटून द्यायची होती. कामे सोडून बसण्याची त्याला मोकळीक नव्हती.

रात्री जेवणानंतर पाच मिनिटे दिवसाकडे मागे वळून पाहावे. सोळाव्या शतकातील इग्नेशियस लोयोला याने ही सवय आपल्या अनुयायांना लावली आणि आजही ती कॅथोलिकांपुरती मर्यादित राहिलेली नाही. दिवसात कशाबद्दल उपकार मानावेत, कोठे देवाची आठवण झाली, कोठे आपण चुकलो आणि उद्या काय सुधारावे, एवढेच पाहायचे असते. येथे एक कठोर गोष्ट सांगितली पाहिजे. याकोबाच्या पत्रात ५:४ मध्ये शेत कापणाऱ्या मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरड करत आहे आणि ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेली आहे, असे लिहिले आहे. ज्या शेतकऱ्याकडे वेचणाऱ्या बायकांचे किलोमागे ठरलेले पैसे बाकी आहेत, किंवा ज्याने काट्यावर त्यांच्या कापसाचे वजन कमी धरले आहे, त्याने हे वचन वाचल्यावर लांब प्रार्थना करण्यापेक्षा आधी हिशेब चुकता करावा. भावाबहिणीशी वितुष्ट असेल तर मत्तय ५:२३-२४ प्रमाणे अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेट करायला जावे. बांधावरून सुरू झालेली भाऊबंदकी आपल्याकडे दोन-दोन पिढ्या चालते. म्हणून हा सल्ला ऐकायला सोपा आणि पाळायला फार अवघड आहे. तरी, वचनाला शब्दांत उत्तर देऊन व्यवहारात न देणे, याला उत्तर म्हणता येत नाही.

आजारपण, कोरडे दिवस आणि चुकलेले दिवस

याकोब ५:१४ मध्ये आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलावून प्रार्थना करवून घ्यावी, असे म्हटले आहे, आणि तसे अवश्य करावे. परंतु प्रार्थनेसाठी औषध थांबवणे शास्त्राला धरून नाही. पौल ज्याला कलस्सैकरांस ४:१४ मध्ये प्रिय वैद्य म्हणतो तो लूक त्याचा सहकारी होता, आणि नवापूर तालुक्यात चिंचपाडा येथे ख्रिस्ती रुग्णालय आहे ते उगीच नाही. क्षयरोगाच्या, फिटच्या किंवा सिकलसेलच्या गोळ्या प्रार्थना झाली म्हणून डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत. तसे करण्यास कोणी सांगत असेल तर त्याचे ऐकू नये, मग तो कितीही मोठा प्रार्थना करणारा असो.

काही आठवडे असे येतात की वाचलेले आत शिरत नाही. त्या काळात नवीन वाचन थांबवून एकच स्तोत्र रोज वाचावे, किंवा गीत म्हणावे. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) मराठी ख्रिस्ती भजनाला अभंगाचा जो घाट दिला, त्यामुळे आपल्याकडे गाणे आणि प्रार्थना करणे यांत फारसे अंतर उरलेले नाही; ‘उपासना संगीत’ घरात असेल तर त्यातील एखादे ओळखीचे गीत सावकाश वाचले तरी ते प्रार्थनेचे काम करते. दिवस चुकले तर राहिलेले वाचन भरून काढण्याच्या मागे लागू नये. आजच्या तारखेला जेथे आहोत तेथून पुढे वाचावे.

घर आणि मंडळी

घरातील सर्वजण एकत्र बसू शकत असतील तर संध्याकाळी दहा मिनिटांची कौटुंबिक प्रार्थना करावी : एक गीत, एक लहान प्रसंग, मुलांनी विचारलेला एक प्रश्न आणि एका माणसाची थोडक्यात प्रार्थना. मुलांसमोर दीर्घ प्रार्थना करणे हा त्यांना उपासनेचा कंटाळा आणण्याचा खात्रीचा उपाय आहे. घरातील काहीजण वेगळ्या श्रद्धेचे असतील, तर त्यांच्यावर वाचन लादू नये आणि आपल्या उपासनेचे प्रदर्शनही करू नये. मत्तय ६:६ मध्ये खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करण्यास सांगितले आहे. कानबाईच्या किंवा होळीच्या दिवशी घरात पाहुणे असताना नेहमीची वेळ सांभाळता येणार नाही, हे गृहीत धरावे.

एकट्याने वाचताना प्रश्न साठत जातात. ते वहीत लिहून रविवारी पाळकांना किंवा जाणत्या व्यक्तीला विचारावेत. प्रेषितांची कृत्ये ८ मधील कूशी (इथिओपियाचा) अधिकारी रथात यशया वाचत होता, पण कोणी समजावून सांगितल्याशिवाय मला कसे कळेल, असे त्याने फिलिप्पाला सरळ विचारले. त्याच पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात बिरुयातील लोकांनी पौलाचे बोलणे खरे आहे की नाही, हे रोज शास्त्रात शोधून पाहिल्याचे सांगितले आहे. विचारावे आणि पडताळावेही, असा दोन्हींचा मिळून अर्थ होतो. ज्याला प्रश्न विचारलेले आवडत नाहीत, अशा शिक्षकाकडून शिकू नये.

मार्क संपल्यावर पुढे काय

प्रसंगागणिक वाचत गेल्यास मार्काचे शुभवर्तमान साधारण दोन महिन्यांत संपते. त्यानंतर फिलिप्पैकरांस पत्र (४ अध्याय) आणि याकोबाचे पत्र (५ अध्याय) घ्यावे. एक आनंदाने भरलेले आहे आणि दुसरे झणझणीत, म्हणून ते एकापाठोपाठ वाचण्यात लाभ आहे. मग लूक आणि त्याच लेखकाचे प्रेषितांची कृत्ये सलग वाचावे. जुन्या करारात शिरताना उत्पत्ती आणि निर्गमाचे पहिले २० अध्याय घ्यावेत, आणि नंतर थेट रूथच्या पुस्तकावर यावे. चार अध्यायांचे हे पुस्तक दुष्काळामुळे गाव सोडलेल्या एका कुटुंबाचे आहे. त्यात सातूची व गव्हाची कापणी आहे, आणि कापणाऱ्यांच्या मागे राहिलेली कणसे वेचून सासूला सांभाळणारी एक परदेशी विधवा आहे. चार संध्याकाळी रोज एक अध्याय याप्रमाणे ते घरात मोठ्याने वाचावे. दुसऱ्या अध्यायात रूथला शेतात कणसे वेचू दिली जातात, ती कोणत्या नियमाने, असा प्रश्न मुलांपैकी कोणी विचारला, तर लेवीय १९:९-१० उघडून दाखवावे आणि तो अध्याय पुरा वाचावा. लेवीय वाचायला घेण्यासाठी ती योग्य जागा आहे.